डिक्शनरी पाठ करून इंग्रजी येत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजून पोरांना सांगतात: डिक्शनरी पाठ करा, इंग्रजी सुधारेल. साफ चूक. भाषा-संशोधक पॉल नेशन यांच्या 2006 च्या अभ्यासानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाला न विचारता वाचायला 8 ते 9 हजार शब्दकुळं (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ) पुरतात. जाड डिक्शनरीतल्या बाकीच्या नोंदी क्वचितच भेटतात. पाठ करणाऱ्याच्या वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. वाक्य करायची वेळ आली की पोरगं अडतं, कारण शब्द दुसऱ्या कुठल्या शब्दांसोबत येतो हे वहीत नसतंच. बाजारातलं कन्नड आपण काय कोश पाठ करून शिकलो? कॉलेजवाल्यांनी संशोधक एव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची, अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची यादी आधी घ्यावी, आणि उजळणी एका रात्रीत न उरकता काही दिवसांच्या अंतराने करावी.