स्पीड स्केटिंग (बेळगाव सीमाभाग)

ठरावीक अंतर स्केटवरून कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत. बर्फावरील शर्यती १९२४ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी मुलखात मात्र स्केटिंग म्हणजे चाकांवरचे, रोलर स्केटिंग. येथे त्याच खेळातील कारकिर्दीचा विचार केला आहे.

सुरुवात बहुधा पाच-सहा वर्षांच्या वयात, उन्हाळी शिबिरात होते. आधी पुढे दोन, मागे दोन चाकांचे क्वाड. पाय स्थिरावला की काही मुले एका रांगेत चाके असलेल्या इनलाइनकडे वळतात. राष्ट्रीय स्पर्धांत दोहोंच्या शर्यती वेगळ्या घेतात. बेळगावात शिवगंगा आणि केएलई या शिक्षणसंस्थेचे असे रिंक, म्हणजे स्केटिंगची मैदाने, आहेत. शहराचे नाव दूरवर पोचले ते लिंबो स्केटिंगमुळे: २०११ मध्ये रोहन कोकणे याने २५ सेंमी उंचीच्या दांड्यांखालून १० मीटर अंतर जात गिनीज विक्रम केला. हे यश मोठेच. पण वेगाची शर्यत निराळे शरीर आणि निराळा सराव मागते.

ती शर्यत ठरते वळणावर. ट्रॅकवर सतत डावीकडेच वळायचे असते. गुडघे खोल वाकवून उजवा पाय डाव्यावरून पलीकडे टाकायचा आणि त्याच वेळी डाव्या पायाने खालून बाहेर रेटा द्यायचा. या क्रॉसओव्हरमध्ये वेग तुटू न देणे साधायला वर्षे जातात. चाकांची एक कड लवकर झिजते, म्हणून ती उलटी करून, जागा बदलून पुन्हा बसवतात. बेअरिंग काढून पुसणे, तेल देणे मुले दहा-बाराव्या वर्षापर्यंत स्वतःच शिकतात. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस उघड्या रिंकवर सराव होऊ देत नाही, कारण ओल्या सिमेंटवर चाक घसरते. ते महिने बैठका, उड्या आणि धावण्यात जातात.

सीमाभागातील खेळाडूची वाट भाषा नव्हे, राज्य ठरवते. घरी मराठी बोलणारी मुलगी निवड चाचणीला कर्नाटकाकडून उतरते. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तर बंगळूर सुमारे पाचशे. तरी राज्य संघाचा रस्ता कर्नाटकातूनच जातो. कोल्हापूरच्या स्केटरशी तिची गाठ राष्ट्रीय स्पर्धेत पडते, तीही महाराष्ट्राची प्रतिस्पर्धी म्हणून.

वरच्या पायरीवर भारताची प्रगती अलीकडची आहे. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ३,००० मीटर रिलेत पुरुष आणि महिला या दोन्ही संघांना कांस्य मिळाले. पुरुष संघात आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. वेलकुमारने २०२५ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत १,००० मीटर आणि मॅरेथॉन जिंकली. चाकांवरचे स्पीड स्केटिंग २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये होते, मुख्य ऑलिंपिकमध्ये अजून नाही. त्यामुळे चाकांवर वाढलेले काही परदेशी स्केटर बर्फाकडे वळतात. अमेरिकेच्या एरिन जॅक्सनने २०२२ मध्ये ५०० मीटरचे हिवाळी सुवर्ण असेच मिळवले. बेळगावच्या मुलामुलींना असा बर्फाचा ट्रॅक जवळपास कुठेच नाही.

येथील बहुतेक कारकिर्दी दहावीच्या वर्षी थांबतात, आणि हीच खरी हानी आहे. ताकद येण्याचे वय तेव्हाच सुरू होते. चाके, बूट, प्रवास हा सगळा खर्च घरचा. टिकून राहिलेले काहीजण संध्याकाळी लहान मुलांना शिकवतात आणि त्यातून नव्या चाकांचे पैसे काढतात.