पालकत्वाचा अर्ज करण्याआधी

चतुर्थी उरकली की कुडाळच्या आमच्या दस्तलेखन कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "बाबांना आता काही उमगत नाही. कायदेशीर पालक म्हणून माझं नाव लागेल का?" विचारणाऱ्याला मुंबईची परतीची गाडी गाठायची असते. आम्ही उलट विचारतो, अडलंय नेमकं काय?

समज शाबूत आहे, पण हात थरथरल्यानं सही जुळत नाही आणि पेन्शन अडलीय, एवढंच असेल तर पालक कशाला? दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा.

मुखत्यारपत्राबद्दल (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) मात्र मोठा गैरसमज आहे. करून देणाऱ्याची समज गेली की ते संपतं (करार कायदा 1872, कलम 201). म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी निकामी. म्हणून मृत्युपत्र, बागेचा करार वेळेत उरका. समज येत-जात असेल तर भानावर असताना केलेला करार कलम 12 प्रमाणे चालतो. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा, नाहीतर पुढे भाऊबंद हरकत घेतातच.

मानसिक आरोग्य कायदा 2017 खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. आंब्याच्या कलमांची बाग त्याला विकता येत नाही.

मूल 18 वर्षांचं झालं की आईवडिलांचं पालकत्व आपोआप संपतं, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा, आपल्याकडे सिंधुदुर्गात जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी मार्चअखेरनंतर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. सातबारावर डोळा ठेवून येणारे हे ऐकून जरा थंड होतात.

नुसतं म्हातारपणाचं विस्मरण या चार अवस्थांत बसत नाही. अपंग हक्क कायदा 2016 मध्ये मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय पालक आणि ती व्यक्ती, दोघांनी मिळून घ्यायचा. माणूस कोमात असेल तर उच्च न्यायालयात जावं लागतं. कोर्टाची कामं आम्ही करत नाही, त्यासाठी वकीलच गाठा.

येताना सातबारा, डॉक्टरांचे कागद आणा, आणि जमलं तर त्या माणसालाही आणा. "आजीला काही कळत नाही" म्हणत आलेल्या एका घरातल्या आजींनी, आंब्याच्या कुठल्या कलमांचा खंड (भाडं) कोणी थकवलाय, ते इथे बसून सांगितलं होतं.