कॅक्टसचा छंद (ठाणे व नवी मुंबई)

कॅक्टेसी कुळातील मांसल, बहुतेक काटेरी वनस्पती कुंड्यांत जोपासण्याचा, त्यांचे प्रकार जमवण्याचा आणि बियांपासून किंवा कलमांनी नवी रोपे करण्याचा छंद. ठाणे आणि नवी मुंबईत तो मुख्यतः खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये, गॅलरीत आणि जमले तर गच्चीवर चालतो. कॅक्टस म्हटले की पाण्याचे दुर्भिक्ष डोळ्यांपुढे येते. इथली अडचण नेमकी उलटी आहे. वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत, आणि शेजारी खाडी. या पट्ट्यात कॅक्टस तहानेने क्वचितच मरतो. तो कुजून मरतो. त्यामुळे इथली सारी विद्या झाड कोरडे कसे ठेवावे याची आहे.

मराठीत ‘निवडुंग’ हा एकच शब्द दोन निराळ्या कुळांसाठी चालतो. फड्या निवडुंग (ओपन्शिया) हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेतला. कोचिनील किड्यापासून लाल रंग मिळवण्याच्या हव्यासापायी ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तो भारतात मुद्दाम वाढवला गेला. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग आणि शेर मात्र युफोर्बिएसी कुळातले, म्हणजे एरंडाचे भाऊबंद. पुण्यातल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली असे सांगतात. नाव देणाऱ्या भाविकांना या कुळभेदाशी काय देणेघेणे! छंदिष्टाला मात्र तो कळावा लागतो. शेराचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. पण चीक ही शेराच्या कुळाची खात्रीची खूण नव्हे, कारण मॅमिलारिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींतही दुधाळ चीक असतो. खरी खूण म्हणजे काटे जिथून फुटतात ती लोकरीसारखी बारीक गादी. ती असेल तर कॅक्टस, नसेल तर दुसरे काही. या कुळात सुमारे १,७५० जाती असून ऱ्हिप्सॅलिसची एक जात सोडली तर बाकी सगळ्या मूळच्या फक्त अमेरिका खंडांतल्या आहेत.

कॅक्टस दिवसा रंध्रे मिटून घेतो आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो. ही रीत थंड रात्रींसाठी घडलेली. ठाण्यात मे महिन्यात रात्रीही घाम पुसावा लागतो, तिथे झाडाचा हा व्यवहार मंदावतो आणि वाढ थबकते. अशा वेळी ‘उन्हाळा आहे, पाणी घाला’ म्हणून तांब्यावर तांब्या ओतणारी प्रेमळ माणसे घरोघरी असतात. आतापर्यंत सर्वांत जास्त कॅक्टस त्यांनीच मारले असावेत. पाणी कधी द्यायचे हे ठरवायला जळून उरलेली अगरबत्तीची काडी पुरते: ती कुंडीत तळापर्यंत खुपसावी, ५ मिनिटांनी काढावी, ओलसर निघाली किंवा तिला माती चिकटली तर पाणी नको.

कामाचे वेळापत्रक नक्षत्रांवर चालते म्हटले तरी हरकत नाही. वळवाच्या दोन-तीन सरी अंगावर घेऊ द्याव्यात, काट्यांतली धूळ धुऊन निघते. मृग लागण्याआधी ग्रिलवर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक चढवावे. निळी ताडपत्री टाळावी. तिच्याखाली उजेड मिळत नाही आणि गोल झाड बाटलीसारखे लांब, फिक्या मानेचे होते. वरून पाऊस अडवला तरी पश्चिमेची झड आडवी आत येतेच, म्हणून त्या बाजूच्या कुंड्या जून-जुलैत घरात घेतात. उघडीप मिळाली की पत्रा सरकवून वारा खेळवायचा. हस्ताचा पाऊस संपल्यावर खरी चूक होते: ४ महिने ढगाखाली राहिलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवले की दोन दिवसांत त्याच्यावर पांढरट, मग तपकिरी चट्टा उठतो, आणि तो कधीही जात नाही. हलके हलके उन्हात आणावे.

मातीबद्दल प्रत्येकाचे स्वतःचे गुपित असते आणि ते बहुधा सारखेच असते: चाळलेला विटांचा चुरा, सिंडर (जळक्या दगडी कोळशाचे खडे), परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके ज्वालामुखी खडे), थोडा कोळसा आणि जेमतेम चौथा हिस्सा जुने गांडूळखत. खाडीची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते. रोपवाटिकेतली रोपे बहुतेक निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येतात. प्रवासाला ते हलके, पण पावसाळ्यात स्पंजसारखे ओले राहते. रोप घरी आल्यावर ते झटकून टाकणे उत्तम. घोडबंदर रस्त्याने रोपवाटिका हिंडताना झाडावरचे फूलही निरखून पाहावे. रंगीत सुके फूल गोंदाने चिकटवून विकायची युक्ती अजून चालते.

दुसरे आकर्षण म्हणजे लाल-पिवळ्या टोपीचा ‘मून कॅक्टस’. टोपी जिम्नोकॅलिशियम या गोल कॅक्टसच्या हरितद्रव्य नसलेल्या रूपाची, खालचा हिरवा तिधारी दांडा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा. टोपीला स्वतःचे अन्न करता येत नाही आणि दोघांच्या वाढीचा वेग जुळत नाही, त्यामुळे काही वर्षांत ही जोड विस्कटते. यात मालकाचा दोष नसतो.

इथल्या हवेला मानवणाऱ्यांत सेरियस, बरीच जिम्नोकॅलिशियम आणि विशेषतः मेलोकॅक्टस येतात. मेलोकॅक्टस कॅरिबियन किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंतचा, उकाड्याला सरावलेला. मोठा झाला की त्याच्या माथ्यावर लोकरी टोपी येते आणि तिच्यातून इवल्या मिरचीसारखी गुलाबी फळे एकेक करून वर ढकलली जातात. उलट अँडीजच्या थंडीत वाढणाऱ्या रेब्युशिया आणि लोबिव्हिया इथे जगल्या तरी फुलायला तयार नसतात. त्यांना हवा तसा गार हिवाळा ठाण्यात पडत नाही.

सर्वांत सुखाने नांदणारा कॅक्टस मात्र ज्यांच्या घरी असतो त्यांनाच ठाऊक नसतो. मराठी घरांत ‘ब्रह्मकमळ’ म्हणून जे लावतात ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलात झाडांवर वाढणारे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ (सॉसुरिया) सूर्यफुलाच्या कुळातले. दोघांचे काही नाते नाही. याची ‘पाने’ म्हणजे चपटी खोडे, आणि कळी त्यांच्या कडेच्या खाचेतून निघते. पंधरवडाभर ती खाली लोंबत वाढते. एके दिवशी देठ आकड्यासारखा वळून कळीचे तोंड वर उचलतो; त्या रात्री घरच्यांनी जागायचे. नऊच्या सुमारास टोक सुटते, मध्यरात्रीपर्यंत वीतभर पांढरे फूल पुरते उमलते, आणि वासाने जिना भरतो. शेजारच्या काकू हळदीकुंकू घेऊन येतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात. सकाळी फूल धुतलेल्या फडक्यासारखे लोंबलेले असते. घरात काटेरी झाड नको म्हणणारे वास्तुभक्तही या कॅक्टसला ओवाळतात.

रोगांत पहिला नंबर बुडकुजीचा. झाड वरून हिरवे दिसते, पण बुंध्याशी अंगठा दाबला की मऊ लागते. तेव्हा धारदार सुरीने वरचा भाग कापायचा, कापावर तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत चकत्या काढत जायचे, गंधकाची किंवा दालचिनीची पूड लावायची आणि आठ-दहा दिवस सावलीत सुकवून मग नव्या मिश्रणावर ठेवायचे. किडींत पिठ्या ढेकूण सर्वांना माहीत असतो. त्याचा मुळांवरचा भाऊ कुंडी उलटी केल्याशिवाय दिसत नाही. मुळांना आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पिठासारखे ठिपके दिसले तर सगळी माती फेकून मुळे धुवावीत. पावसाळ्यात आफ्रिकी गोगलगायी रात्री भिंत चढून येतात आणि काट्यांना न जुमानता कोवळा शेंडा खातात.

जवळजवळ सर्व कॅक्टस ‘साइट्स’ या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतात, ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियाससारख्या काही जाती तर सर्वांत कडक यादीत. त्यामुळे परदेशातून परवान्याशिवाय झाडे मागवू नयेत. बियांपासून वाढवणे हा सरळ मार्ग, आणि त्यात कोकणची हवा मदतीला येते. मोठ्या झाडाला मारणारा दमटपणाच अंकुराला हवा असतो, आणि २५ ते ३० अंश तापमान इथे जवळजवळ वर्षभर मिळते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेले मिश्रण भरून, वर बी भुरभुरून, झाकण लावून उजेडात ठेवले की आठवडा-पंधरवड्यात टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे गोळे वर येतात. त्यांना लगेच काटे नसतात. पहिली बारीक कुसळे दिसली की झाकण रोज थोडा वेळ उघडे ठेवायचे. पहिल्या वाढदिवसाला रोप हरभऱ्याएवढे झाले तरी पुष्कळ.