पत्रा पातळ झाला, पोलाद बदललं

"जुन्या गाडीचा पत्रा म्हणजे पत्रा!" उद्यमनगरात डेंटिंगवाल्याकडे उभं राहिलं की हे हमखास कानावर पडतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळे ओतकामातलं कोल्हापूरकराला बारीकसारीक कळतं. पत्र्याची पारख मात्र आपण अजून नुसत्या जाडीवर करतो.

आधी बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. कोल्हापूरच्या दसऱ्याच्या शाही सोहळ्यात दिसणारी मेबॅक गाडी 1930च्या दशकातली. त्या काळी उंची गाड्यांच्या बॉड्या कारागीर हातानेच घडवत. अमेरिकेत एडवर्ड बडने मात्र 1914 सालीच डॉज या मोटार कंपनीसाठी अख्खी पोलादी बॉडी प्रेसवर काढली होती. 1920च्या दशकात सलग चालणाऱ्या रोलिंग मिल आल्या आणि रुंद, एकसारखा पत्रा मुबलक मिळू लागला. हे कमी कार्बनचं पोलाद मऊ. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, खोल ओढताना फाटू नये म्हणून मऊच हवं, आणि मऊ म्हणून जाड ठेवावं लागे. दणकटपणाचं गुपित एवढंच! शिवाय गंज लागायचा तो वेगळाच.

1973च्या तेलसंकटानंतर वजन घटवणं भाग पडलं. नायोबियम, टायटॅनियम या धातूंची चिमूट घातलेली हाय स्ट्रेंग्थ, म्हणजे जास्त ताकदीची पोलादं वापरात आली. पुढे मऊ फेराइटमध्ये कडक मार्टेन्साइटची बेटं (या पोलादाच्या आतल्या दोन रचना) असलेलं ड्युअल फेज पोलाद आलं, गंजावर जस्ताचा लेप आला. मला सगळ्यात भावतो तो बेक हार्डनिंग पत्रा: प्रेसखाली मऊ, आणि रंगाच्या भट्टीत सुमारे 170 अंशांवर वीसेक मिनिटं राहिला की कडक. दाराचा, बॉनेटचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असूनही तग धरतो तो अशा पोलादामुळे.

खरी उडी स्वीडनमध्ये पडली. बोरॉन मिसळलेला पत्रा 900 अंशांच्या वर तापवायचा आणि थंड डायमध्ये दाबता दाबताच विझवायचा, म्हणजे झटकन थंड करायचा. साब या तिथल्या मोटार कंपनीने 1984 मध्ये दारातल्या आडव्या पट्टीसाठी तो वापरला. साध्या पत्र्याची ताणशक्ती, म्हणजे तुटण्याआधी ताण सोसायची ताकद, 300 मेगापास्कलच्या आसपास, याची 1500.

भारतात ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना धडक-चाचणी सक्तीची झाली आणि अशा पोलादाची गरज वाढली. आज एकाच गाडीत पाच-सहा जातींचा पत्रा असतो. समोरचा फेंडर ठोकून सरळ करता येतो. दोन दारांमधला खांब बोरॉनचा असेल, तर गॅसने तापवताच त्याचा कडकपणा जातो. तो बदलायचाच असतो.