घरातल्या सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्कचं आयुष्य

घरच्या संग्रहातली ऑप्टिकल डिस्क किती वर्षं टिकते, हा प्रश्न वरवर एकाच वस्तूबद्दलचा वाटतो, पण कारखान्यात छापलेली डिस्क, घरी बर्न केलेली डिस्क आणि पुन्हापुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क या तीन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला तिन्ही सारख्याच, १२ सेंटिमीटर व्यास आणि १.२ मिलिमीटर जाडी, पण आत माहिती साठवायची पद्धत वेगळी आणि म्हणून खराब व्हायची पद्धतही वेगळी. "सीडी शंभर वर्षं टिकते" आणि "सीडी दहा वर्षांत जाते" ही दोन्ही वाक्यं लोक तेवढ्याच ठामपणे सांगतात आणि दोन्ही कुठल्या ना कुठल्या डिस्कच्या बाबतीत खरीही ठरतात.

सोनी आणि फिलिप्सची ऑडिओ सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती असते, तिच्या वरच्या अंगाला सूक्ष्म खड्डे, त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकरचा एक हात आणि त्यावर छापलेलं लेबल. म्हणजे गाणी असतात ती लेबलच्या अगदी खाली, चकचकीत बाजूपासून जवळजवळ १.२ मिलिमीटर लांब. सगळ्यांना भीती चकचकीत बाजूच्या चऱ्यांची असते, पण त्या बाजूला लेझरचा झोत पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत खड्ड्यांपाशी पोचेपर्यंत दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक होतो, त्यामुळे बारीकसारीक ओरखडे त्याच्या लेखी धूसर सावलीसारखे असतात आणि बरेचसे पॉलिशही करता येतात. लेबलच्या बाजूने टोकदार पेनाने जोर देऊन नाव लिहिलं किंवा चिकट स्टिकर लावून नंतर ओढून काढलं, तर मात्र अ‍ॅल्युमिनियमचा थरच उचकटला जातो आणि तिथली माहिती कायमची गेली, तिला कुठलंही पॉलिश नाही. डीव्हीडीचं तसं नाही, तिथे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध सुरक्षित असते, पण मग सगळी मदार त्या गोंदावर येते. ब्लू-रेमध्ये माहिती वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, म्हणून वर कडक कोटिंग द्यावं लागतं आणि ते कोटिंग खरंच चांगलं असतं, सहज चरा पडत नाही, पण पडलाच खोल तर पॉलिश करायला वाव नाही.

छापलेल्या डिस्कला होणाऱ्या रोगाला सगळीकडे डिस्क रॉट म्हणतात. हा शब्द जुन्या लेझरडिस्कच्या काळातला, तेव्हा लेझर रॉट म्हणायचे. १९७८ मध्ये आलेल्या त्या ३० सेंटिमीटरच्या डिस्क दोन चकत्या चिकटवून बनायच्या आणि गोंद किंवा सील कमी पडलं की हवा आणि ओल आत जाऊन अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्सिडेशन व्हायचं. लेझरडिस्कवरचं चित्र अ‍ॅनालॉग असल्यामुळे पडद्यावर आधी थोडे रंगीत ठिपके, मग जास्त, असं हळूहळू बिघडताना दिसायचं, म्हणजे निदान सूचना तरी मिळायची. सीडी-डीव्हीडी डिजिटल, त्यांच्यात रीड-सोलोमन पद्धतीची चूक-दुरुस्ती असते, म्हणजे न वाचलेली माहिती उरलेल्या माहितीवरून गणिताने परत मिळवायची सोय, आणि ही दुरुस्ती इतकी चांगली आहे की डिस्क आतून बरीच खराब झाली तरी गाणं एकदम स्वच्छ वाजतं आणि मग एका मर्यादेनंतर अचानक अडखळायला लागतं. ऑडिओ सीडीचा प्लेअर तर त्याच्याही पुढे जाऊन न वाचलेला आवाज आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे "मागच्या महिन्यापर्यंत नीट चालत होती" हे खरंच असतं, पण बिघाड बऱ्याच आधी सुरू झालेला असतो.

सीडी रॉटचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ या सीडी छापणाऱ्या कारखान्याचं. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे बनलेल्या बऱ्याच सीडींचं लॅकर कागदी वेष्टनातल्या गंधकापुढे टिकलं नाही आणि डिस्क तांबूस तपकिरी व्हायला लागल्या, याला ब्राँझिंग म्हणतात. अलीकडचं उदाहरण म्हणजे वॉर्नरच्या २००६ च्या आसपासच्या काही डीव्हीडी, ज्या बॉक्समध्ये नीट ठेवलेल्या असूनही चालेनाशा झाल्या आणि कंपनीने २०२५ मध्ये ते मान्य केलं. दोन्हींमध्ये ज्याने डिस्क विकत घेतली त्याचा काही दोष नाही, बनवतानाच चूक झालेली, आणि माझ्या मते छापलेल्या डिस्कच्या बाबतीत हीच मुख्य गोष्ट आहे: नीट बनलेली डिस्क कपाटात दशकानुदशकं आरामात राहते (१९८० च्या दशकातल्या कितीतरी सीडी आजही पहिल्या दिवसासारख्या वाजतात) आणि वाईट बनलेली डिस्क कितीही जपली तरी जाते.

रॉट बहुतेक वेळा बाहेरच्या कडेकडून आत सरकतो आणि हे लक्षात ठेवलं की लक्षणं बरोबर वाचता येतात. सीडी आतून बाहेर वाचली जाते, अनुक्रमणिका मधल्या भोकाजवळ असते, त्यामुळे कड खराब झालेली सीडी प्लेअर झटकन ओळखतो, पहिली गाणी मस्त वाजतात आणि गडबड शेवटच्या गाण्यांमध्ये होते, तीही सीडी पूर्ण भरलेली असेल तरच. दोन थरांच्या सिनेमाच्या डीव्हीडीत बहुधा पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत असा वाचला जातो, म्हणजे कडेचा भाग सिनेमाच्या मध्यावर येतो, म्हणून सुरुवात आणि शेवट तपासून डिस्क चांगली आहे म्हणणं बरोबर नाही, थर बदलतो तो मधला भाग बघायला हवा. सीडी तपासायची तर लेबलची बाजू जोरदार दिव्यासमोर धरून दुसऱ्या बाजूने बघायचं, टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसतात का, आणि कडेला कॉफीच्या डागासारखा रंग चढलाय का. एखाददुसरा ठिपका नव्या डिस्कमध्येही असू शकतो, तो वाढतोय का हे महत्त्वाचं. डीव्हीडीत मात्र बरंच नुकसान डोळ्यांना दिसतच नाही.

घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि ड्राइव्हचा लेझर त्याच्यावर खुणा उमटवतो. हा रंग उजेडाने, विशेषतः उन्हाने, आणि उष्णतेने उडतो. सीडी-आरमध्ये सायनिन, अ‍ॅझो आणि थॅलोसायनिन असे तीन मुख्य रंग वापरले गेले आणि त्यांतलं थॅलोसायनिन उजेडाला सर्वांत चांगलं टिकतं, सोन्याचा परावर्तक थर असेल तर अजून चांगलं कारण सोनं काळं पडत नाही, चांदी पडते. आरडब्ल्यू डिस्कमध्ये रंग नसून स्थिती बदलणारा मिश्रधातू असतो, तो दीर्घकाळ साठवणीसाठी वापरूच नये. बीडी-आरमध्ये, म्हणजे घरी बर्न करायच्या ब्लू-रेमध्ये, नेहमीचा एचटीएल प्रकार असेंद्रिय थराचा असतो आणि भरवशाचा आहे, एलटीएच नावाचा स्वस्त प्रकार मात्र पुन्हा सेंद्रिय रंगाचाच, तो टाळलेला बरा. एम-डिस्क ही खास टिकाऊपणासाठी बनवलेली डिस्क, तिचा १,००० वर्षांचा दावा प्रसिद्ध आहे, पण दावा आणि अनुभव यांत फरक असतो.

आयुष्याचे आकडे येतात ते प्रवेगी चाचण्यांमधून, म्हणजे डिस्क खूप उष्णतेत आणि दमटपणात ठेवायची, चुका किती वेगाने वाढतात ते मोजायचं आणि त्यावरून साध्या खोलीतल्या हवामानाचा हिशोब काढायचा. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत उत्पादकांच्या चाचण्यांवरून चांगल्या साठवणीत सीडी-आर आणि डीव्हीडी-आरसाठी १०० ते २०० वर्षं आणि आरडब्ल्यूसाठी २५ वर्षं किंवा जास्त असे अंदाज दिलेत, आणि कोऱ्या डिस्कसाठी फक्त ५ ते १०. घरात असं घडत नाही याचं कारण साधं आहे, चाचणीतली डिस्क चांगल्या प्रतीची आणि नीट बर्न केलेली असते, घरातली बऱ्याचदा सर्वांत स्वस्त डबा उघडून जमेल तशी बर्न केलेली. सुरुवातच जास्त चुकांनी झाली तर दुरुस्तीची मर्यादा लवकर गाठली जाणारच.

साठवण्याबद्दल फार सांगायची गरज नाही. थंड, कोरडी, अंधारी जागा, कडक बॉक्समध्ये उभी ठेवलेली डिस्क, आणि मऊ प्लास्टिकचे पाऊच व कागदी स्टिकर दोन्ही नकोत. पुसायची तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल पुसलं की चरा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि सलग बरीच माहिती झाकतो, जी दुरुस्त करणं सगळ्यात अवघड.

खरी काळजी म्हणजे वेळेत कॉपी काढणं, आणि इथे क्रम महत्त्वाचा: आधी घरी बर्न केलेल्या डिस्क, त्यातही घरगुती फोटो आणि व्हिडिओ, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते, छापलेला अल्बम निदान परत मिळू शकतो. दोन ठिकाणी प्रती ठेवायच्या आणि चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढून ठेवायचा म्हणजे प्रत बिघडली तर कळतं. हे लांबवू नये कारण ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही कमी होत चाललेत, कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या तायो युडेन या जपानी कंपनीने २०१५ मध्ये डिस्कचा व्यवसाय बंद केला, सोनीने २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं.

कॉपी काढताना ड्राइव्ह मध्येच हळू होतो, पुन्हा वेग घेतो, परत हळू होतो, तो आवाज ऐकू आला की डिस्क अडचणीत आहे असं समजायचं. तरी लगेच टाकून देऊ नये. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो असं नेहमी होतं, आणि डीडीरेस्क्यूसारखा मोफत प्रोग्रॅम काय वाचून झालं आणि काय राहिलं याची नोंद फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की तो फक्त राहिलेले तुकडे वाचायला जातो, आणि कधीकधी तिसऱ्या ड्राइव्हपर्यंत पोचता पोचता फाइल पूर्ण झालेली असते.