फेडरल प्रॉसिक्युटर (भ्रष्टाचाराचे खटले)

फेडरल प्रॉसिक्युटर म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा वकील. पण पोलिसांनी तयार चार्जशीट हातात दिली की मग कामाला लागणारा नाही, भ्रष्टाचाराच्या केसमध्ये तर तो एफबीआयबरोबर पहिल्या दिवसापासून तपासातच असतो. देशभरात ९३ यूएस अॅटर्नी, म्हणजे आपापल्या भागातले मुख्य फेडरल प्रॉसिक्युटर, आहेत, त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात नि सिनेट मंजुरी देतं, म्हणजे सरकार बदललं की बहुतेकांची गच्छंती ठरलेली. हाताखालचे असिस्टंट मात्र टिकतात आणि कोर्टात खरी घासाघीस तेच करतात.

हे काम कसं चालतं ते इलिनॉय राज्यातल्या शिकागोत बघावं. १९९४ मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ हायवेवर एका ट्रकचा लोखंडी भाग गळून पडला, मागच्या गाडीची पेट्रोलची टाकी फुटली आणि एकाच घरातली सहा मुलं गेली. ट्रक ड्रायव्हरचं लायसन इलिनॉयमध्ये लाच देऊन काढलेलं! वकिलांनी आधी धरले लायसन ऑफिसातले लहान मासे. गुन्हा कबूल कर, वरच्याचं नाव सांग, शिक्षा कमी मागतो, असं करत करत पायरी पायरीने वर, कारण लाचेचे पैसे लायसन खात्याच्या मोठ्या साहेबांच्या निवडणूक फंडात जात होते. ते साहेब, जॉर्ज रायन, तोवर गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, होऊन गेले होते. २००६ मध्ये दोषी ठरले, साडेसहा वर्षं. म्हणजे अपघातापासून निकालापर्यंत बारा वर्षं, एवढा दम लागतो.

तेव्हाचे यूएस अॅटर्नी पॅट्रिक फिट्झजेराल्ड, मॅनहॅटनमधल्या एका डोअरमनचा मुलगा. रायननंतरचे गव्हर्नर ब्लागोयेविच यांनाही त्यांच्याच ऑफिसने पकडलं, ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर रिकामी झालेली, गव्हर्नरने भरायची सिनेटची सीट विकायच्या गप्पा फोनवर टेप झाल्या होत्या. तरी २०१० मध्ये ज्युरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांचं, २४ पैकी एकाच आरोपावर एकमत झालं! केस सुटसुटीत करून सरकारी वकील पुन्हा कोर्टात उभे राहिले तेव्हा १७ आरोप सिद्ध झाले. १४ वर्षांची शिक्षा झाली, ती २०२० मध्ये ट्रम्प यांनी कमी केली आणि २०२५ मध्ये माफीच दिली.

वकीलही चुकतात. सिनेटर टेड स्टीव्हन्स २००८ मध्ये दोषी ठरले, आठ दिवसांवर आलेली निवडणूक हरले, आणि मग कळलं की सरकारी वकिलांनी बचावाच्या कामाचे पुरावे दडवले होते, केसच रद्द झाली.

मुळात पैसे घेतले हे दाखवणं सोपं, "कशाच्या बदल्यात" हे सिद्ध करताना घाम फुटतो. त्यात सुप्रीम कोर्ट कायदा आणखी आवळत चाललंय. २०२४ मध्ये इंडियानातल्या एका माजी महापौराच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, काम झाल्यावर दिलेली बक्षिसी राज्य नि स्थानिक अधिकाऱ्यांसाठीच्या केंद्रीय लाच कायद्याखाली लाच नाही. त्याने ट्रक कंपनीकडून १३ हजार डॉलर घेतले होते, शहराची कचरागाड्यांची ऑर्डर त्यांना मिळाल्यावर.