शब्द मोजावेत की अक्षरं?

इ.स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं महागाईला आळा घालण्यासाठी एक फर्मान काढलं. धान्य, कापड, मजुरी अशा शेकडो गोष्टींचे कमाल दर त्यात ठरवून दिले होते. त्या यादीत लेखनिकही आहेत. उत्तम हस्ताक्षरात शंभर ओळी लिहून दिल्या तर २५ देनारियस (रोमन नाणी), दुय्यम हस्ताक्षरात लिहिल्या तर २०. शेतमजुराची जेवणासह एका दिवसाची मजुरीही त्याच फर्मानात २५ देनारियस आहे. म्हणजे सुबक लिहिलेल्या शंभर ओळी आणि शेतातला एक दिवस यांची किंमत सारखीच.

पण ओळ म्हणजे केवढी? रुंद पानावर ती लांब होणार, अरुंद पानावर आखूड. ग्रीक आणि रोमन लेखनिकांनी यावर तोडगा काढला होता. महाकाव्यांच्या वृत्तातली एक ओळ, म्हणजे साधारण पंधरा-सोळा उच्चारांचा ('मो' किंवा 'मोर'सारखा एका झटक्यात म्हटला जाणारा भाग म्हणजे एक उच्चार) तुकडा, हे त्यांनी माप मानलं आणि गद्यही त्याच मापानं मोजलं. आपल्याकडच्या लेखनिकांनी अनुष्टुभ छंदाचा आधार घेतला. आठ अक्षरांचे चार चरण, म्हणजे बत्तीस अक्षरं, हा एक 'ग्रंथ'. मजकूर पद्य असो वा गद्य, त्याची लांबी बत्तीस अक्षरांच्या हिशेबात सांगायची. अनेक जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी 'ग्रंथाग्र' या नावानं हा आकडा नोंदलेला सापडतो. तो लेखनिकाच्या मेहनतान्यासाठी उपयोगी पडे आणि नक्कल करताना मजकूर गळला तर तेही लक्षात येई.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. त्यांत शब्द मोजलेले नाहीत. तोंडानं उच्चारायला जितका वेळ लागतो, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी मोजलं आहे. आज आपण 'लेख दीड हजार शब्दांत हवा' असं सहज म्हणतो, तेव्हा मोजण्याची ही जुनी समजूत मागे पडलेली असते. मराठीत लिहिणाऱ्यांचं त्यात नुकसान होतं असं मला वाटतं, आणि वाचनावर झालेलं संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं.

लांबीला मुळात एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. छापील पानावर जागा मोजकी होती म्हणून शब्दमर्यादा आली, असं बरेच जण मानतात. ते कारण खरं आहे, पण अपुरं. पडद्यावर जागेची टंचाई नाही, तरी मर्यादा गेलेली नाही, कारण वाचकाची स्मरणशक्ती पडद्याबरोबर वाढलेली नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यानं १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग झाले तोही तोच. त्यानं निरर्थक उच्चारांच्या याद्या तयार केल्या आणि त्या बिनचूक पाठ व्हायला किती वेळा वाचाव्या लागतात ते मोजलं. सात उच्चारांची यादी एका वाचनात पाठ झाली. बारा उच्चारांच्या यादीला सोळा-सतरा वाचनं लागली. चोवीसला ४४ आणि छत्तीसला ५५. सातावरून बारावर जाताना लांबी दुप्पटही झाली नाही, पण कष्ट सोळापटींहून जास्त वाढले. मनात एका वेळी मावेल तेवढं आहे तोवर सगळं सुरळीत चालतं, आणि ती हद्द ओलांडली की एकदम चढण लागते.

याच प्रयोगांतली दुसरी नोंद लेखकांसाठी जास्त मोलाची आहे. एबिंगहाऊसनं एका इंग्रजी काव्यातली कडवीही पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक यादीच्या तुलनेत त्याला साधारण एक दशांश कष्ट पडले. अर्थ, यमक आणि लय यांनी लांबीचं ओझं हलकं केलं.

मनात एका वेळी नेमकं किती मावतं? १९७५ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना शब्दांच्या छोट्या याद्या दिल्या. काहींत उच्चारायला आखूड शब्द होते, काहींत लांब. आखूड शब्द जास्त लक्षात राहिले, लांब कमी. हिशेब मांडल्यावर दिसलं की माणूस साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणू शकतो, तेवढं त्याला त्या क्रमानं आठवतं. या परिणामाच्या कारणांवर पुढे बराच वाद झाला आणि अजूनही होतो. पण लेखकाच्या दृष्टीनं त्यातलं सूत्र साधं आहे. लांब शब्दाला मनातही जास्त जागा लागते. शब्दसंख्या मोजणारा आकडा मात्र 'मी' आणि 'आंतरराष्ट्रीयीकरण' या दोघांनाही एकच धरतो.

डोळेही असा समान हिशेब ठेवत नाहीत. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती टप्प्याटप्प्यानं उड्या घेते. प्रत्येक थांबा सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास असतो आणि मजकूर टिपला जातो तो या थांब्यांवरच. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतल्यावर दिसलं की दोन-तीन रोमन अक्षरांचे शब्द बहुतेक वेळा न थांबताच ओलांडले जातात, तर आठ अक्षरांच्या शब्दावर नजर जवळपास दर वेळी थांबते. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ती आणखी थोडी रेंगाळते. आतापर्यंत गोळा केलेलं एकत्र बांधून ठेवायला मेंदूला तेवढी सवड लागते.

मराठीची गोष्ट इथे वेगळी होते. इंग्रजीतले जे छोटे शब्द नजर ओलांडून जाते, त्यांचं काम आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, आणि ती शब्दालाच जोडून लिहिली जातात. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे दोन शब्द आहेत. हेच इंग्रजीत सांगायला आठ शब्द लागतात. म्हणून इंग्रजीतल्या हजार शब्दांच्या लेखाचा मजकूर मराठीत आणला तर शब्दसंख्या सहसा बरीच उतरते, पण वाचायचा मजकूर त्या प्रमाणात कमी झालेला नसतो. आता याच दोन शब्दांचे उच्चार मोजा. 'समोरच्या'मधला 'र' बोलताना मागच्या 'मो'ला चिकटतो, त्यामुळे एकूण नऊ उच्चार होतात. इंग्रजीतले उच्चारही नऊच. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही हे मान्य, पण शब्द आणि उच्चार या दोन मापांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा २०१९ मध्ये आला. संशोधकांच्या एका गटानं १७ भाषा निवडल्या आणि त्या बोलणाऱ्यांकडून एकाच आशयाचे उतारे वाचून घेतले. जपानीसारखी भाषा भरभर उच्चारली जाते, पण तिच्या एकेका उच्चारात माहिती कमी असते. व्हिएतनामीसारखी भाषा सावकाश बोलली जाते आणि तिचा प्रत्येक उच्चार भरगच्च असतो. बोलण्याचा वेग आणि एका उच्चारातली माहिती यांचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३९ बिट (बिट म्हणजे माहिती मोजण्याचं सर्वांत लहान एकक) माहिती, हा आकडा सगळ्या भाषांत जवळपास सारखा येतो. या १७ भाषांमध्ये एकही भारतीय भाषा नव्हती, याची चुटपुट लागते. तरी ऐकणाऱ्याच्या मेंदूला ठरावीक वेळात ठरावीकच पचतं, ही गोष्ट त्यातून ठळक होते.

वाचनाच्या वेगाबद्दल बोलतानाही जपून राहायला हवं. बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले. मनातल्या मनात इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगानं वाचतो आणि कथा-कादंबरी २६० शब्दांच्या, असं त्यांना आढळलं. त्याआधी मिनिटाला ३०० शब्द हा आकडा सर्रास सांगितला जाई. लेखाच्या डोक्यावर 'वाचनाचा वेळ ६ मिनिटं' अशी पाटी असते, तिचा हिशेब अशाच आकड्यांवर बेतलेला असतो. तो आकडा मराठीला जसाच्या तसा लावला तर वेळ कमी दाखवला जाण्याची दाट शक्यता आहे, कारण आपला एकेक शब्द जास्त वजन वाहतो.

आता एक वाक्य जवळून पाहू. अहवालांत आणि बातम्यांत अशी वाक्यं पावलोपावली भेटतात:

'झोपेच्या अभावामुळे स्मरणशक्तीवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी तरुणांच्या एका गटावर करण्यात आलेल्या प्रयोगातून मिळालेल्या निष्कर्षांचे विश्लेषण पूर्ण झाले आहे.'

हे १९ शब्द आहेत. त्याची फोड अशी करता येईल:

'झोप कमी झाली तर स्मरणशक्तीचं काय होतं? हे पाहण्यासाठी काही तरुणांवर प्रयोग केला. त्याच्या निष्कर्षांचं विश्लेषण आता पूर्ण झालं आहे.'

हे २० शब्द झाले. शब्दमर्यादेच्या हिशेबात मजकूर एका शब्दानं वाढला. पण अक्षरं मोजली, म्हणजे जोडाक्षर एक धरून, तर पहिल्यात ७१ आहेत आणि दुसऱ्यात ५४. जवळपास पाव भाग मजकूर गळाला आणि आशयाला फारसा धक्का लागला नाही. शब्द मोजणाऱ्याला हा फायदा दिसतच नाही. उलट शब्द वाचवायचे म्हणून तो 'करण्यासाठी', 'झाल्यामुळे', 'आलेल्यांच्या' अशी लांबलचक रूपं जोडत राहतो. मराठीत शब्दसंख्या कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच आहे आणि वाचकाला सर्वांत जड जाणाराही हाच.

दुसऱ्या रूपाचा फायदा नुसत्या अक्षरांपुरता नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. पहिल्या वाक्यात वाचकाला झोप, अभाव, परिणाम, अभ्यास, गट, प्रयोग, निष्कर्ष अशी सगळी गाठोडी हातात धरून शेवटच्या 'पूर्ण झाले आहे'पर्यंत चालावं लागतं. २०१५ मध्ये ३७ भाषांमधली वाक्यं तपासणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की एकमेकांवर अवलंबून असलेले शब्द जवळ ठेवण्याकडे त्या सगळ्याच भाषांचा कल असतो. बोलताना आपण आपोआप तसं करतो. लिहायला बसलं की मात्र ही सवय सुटते.

एवढं वाचून कुणी 'थोडक्यात लिहा' असा अर्थ काढेल, आणि तो मला मान्य नाही. डीएनएची दुपेडी रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर'मध्ये आला, तो जेमतेम एका पानाचा होता. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात आजही निबंधाला ३,७५० शब्दांची मर्यादा आहे. पण असे निबंध वाचणाऱ्याला विषयाची पार्श्वभूमी ठाऊक असते. लेखकानं गाळलेल्या पायऱ्या तो स्वतः भरून काढतो. ज्याला विषय नवा आहे त्याच्यासमोर तोच मजकूर ठेवला, तर प्रत्येक गाळलेल्या पायरीवर तो अडखळतो.

१९९६ मध्ये डॅनिएल मॅकनामारा, वॉल्टर किंच आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगानं दाखवलं. हृदयविकारावरचा एकच मजकूर त्यांनी शाळकरी मुलांसाठी वेगवेगळ्या रूपांत तयार केला. काही रूपांत वाक्यांमधले दुवे भरले, सर्वनामांच्या जागी नावं घातली, जास्तीचं स्पष्टीकरण आणि शीर्षकं दिली. साहजिकच ती रूपं लांबली. ज्या मुलांना विषयाची माहिती कमी होती त्यांना लांब रूपाचा फायदा झाला. ज्यांना माहिती चांगली होती त्यांनी मात्र खोलात जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तुटक रूप वाचून जास्त चांगली दिली, कारण राहिलेल्या जागा भरताना त्यांना विचार करावा लागला. म्हणजे योग्य लांबी ही एकट्या मजकुरावर ठरत नाही, ती मजकूर आणि वाचक यांच्या जोडीवर ठरते. संपादक मर्यादा सांगतो तेव्हा खरं तर तो आपला वाचक कोण आहे हे सांगत असतो, आणि लेखकानं पहिल्यांदा तेच विचारून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मोजायचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. अनेक भाषांनी आपापल्या लिपीला साजेसं उत्तर शोधलं आहे. जपानमध्ये हस्तलिखितासाठी वीस गुणिले वीस चौकोनांचा कागद वापरतात आणि लांबी ४०० चौकोनांच्या पानांत सांगतात. रशियन प्रकाशनात 'लेखकीय फर्मा' म्हणजे मोकळ्या जागांसह ४०,००० चिन्हं. जर्मनीत प्रमाण पान १,८०० चिन्हांचं धरतात. यांतलं एकही माप शब्दांवर बेतलेलं नाही.

देवनागरीत चिन्हं मोजायला गेलं की वेगळीच अडचण उभी राहते. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं. संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मोबाइलच्या एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. साध्या रोमन लिपीत त्यांत १६० चिन्हं बसतात, तर देवनागरीत फक्त ७०, आणि त्यांतली सहा एकट्या 'स्त्री'नं संपतात. जोडाक्षरं जास्त असलेल्या मजकुराची 'चिन्हसंख्या' त्यामुळे उगाच फुगते आणि अर्ज भरताना एखाद्या रकान्यात वाक्य मध्येच तुटतं.

जगभरातल्या लिप्या संगणकात कशा साठवायच्या हे युनिकोड ठरवतं. 'वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते' मोजण्याचे नियमही त्यात आहेत. पण तेही बराच काळ जोडाक्षर हलन्तापाशी तोडत असत, आणि 'स्त्री'ची तीन अक्षरं होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम सुधारला आणि 'स्त्री' एक अक्षर झालं. लेखनिकांनी बत्तीस-बत्तीसनं जे मोजलं होतं ते आता संगणकालाही मोजता येतं. लिहिण्याच्या प्रणालीत शब्दसंख्येशेजारी अक्षरसंख्येचा आकडा दिसणं आता अवघड राहिलेलं नाही, आणि मराठी संपादकांनी लेख मागवताना तो आकडाही सांगायला सुरुवात करावी.